तडा शोधणाऱ्याची झोप

जाड तार तोडायची असेल आणि पक्कड हाताशी नसेल, तर आपण ती एका जागी धरून खालीवर वाकवत राहतो. पहिल्या काही वेळा काहीच होत नाही. मग ती जागा गरम लागते, जरा ढिली पडते आणि अचानक हातात दोन तुकडे येतात. एका वाकवण्याने ती तुटली नसती. एसटीचा पाटा खड्ड्यात तुटतो तेव्हा सगळे त्या खड्ड्याला दोष देतात. पण तो पाटा त्याआधीच्या हजारो खड्ड्यांनी तोडत आणलेला असतो. धातूचा थकवा म्हणतात तो हाच. यंत्राच्या भागात मात्र धातू तारेसारखा वाकलेला दिसत नाही. केसाएवढा तडा पडतो, दर झटक्यागणिक कणभर पुढे सरकतो, आणि उरलेल्या धातूला भार पेलवेनासा झाला की क्षणात सगळं संपतं.

विमानात प्रवासी बसतात ती अख्खी नळीच या तारेसारखी असते. वर बाहेरची हवा विरळ, म्हणून आत साधारण आठ हजार फूट उंचीवर असतो तेवढा दाब ठेवतात. आतल्या-बाहेरच्या दाबातला फरक दर चौरस मीटरला साडेपाच टनांच्या घरात जातो. वर जाताना नळी फुगते, उतरताना बसते. मुंबई-लंडन नऊ-दहा तासांचं असलं तरी फुगणं एकदाच. मुंबई-गोवा तासाभराचं, तरी फुगणं एकदाच. म्हणून विमानाच्या सांगाड्याचं वय तासांपेक्षा फेऱ्यांत मोजायचं असतं. त्यात विमानाची कातडी ॲल्युमिनियमची. पोलादाला एक मर्यादा असते, तिच्याखालचा ताण ते जवळजवळ कायम सोसू शकतं. ॲल्युमिनियमला अशी मर्यादा नाही. लहान ताणही पुरेशा वेळा पडला की ते कधीतरी तडकतंच.

हे ज्ञान माणसाने फार मोठी किंमत देऊन मिळवलं. १९५२ साली ब्रिटनच्या कॉमेट विमानाने जगातली पहिली जेट प्रवासी सेवा सुरू केली. १० जानेवारी १९५४ रोजी एक कॉमेट इटलीच्या एल्बा बेटाजवळ हवेतच फुटलं, ३५ माणसं गेली. ८ एप्रिलला दुसरं नेपल्सजवळ फुटलं, २१ गेली. मग फार्नबरोच्या संशोधन संस्थेने एक अख्खं कॉमेट पाण्याच्या टाकीत ठेवलं आणि आत पाणी भरून उड्डाणागणिक पडणारा दाब पुन्हा पुन्हा दिला. ते विमान प्रत्यक्षात १,२२१ वेळा उडालं होतं. टाकीत आणखी १,८३६ फेऱ्या झाल्यावर त्याची कातडी फाटली. कंपनीने स्वतःही आधी चाचणी घेतलेली होती आणि तीत सांगाड्याचा तुकडा याहून कितीतरी जास्त टिकला होता. पण त्याच तुकड्यावर आधी दुप्पट दाब देऊन पाहिलेला होता. त्या दाबाने खिडक्यांच्या नाजूक कोपऱ्यांतला धातू उलट कणखर झाला आणि चाचणीने खोटा भरवसा दिला. त्या इंजिनिअरांनी हयगय केली असं मला वाटत नाही. त्यांना ठाऊक नव्हतं, इतकंच.

त्यानंतरच्या अपघातांना मात्र हे म्हणता येत नाही, आणि माझं सगळं म्हणणं इथूनच सुरू होतं.

कॉमेटनंतर, आणि विशेषतः १९७८ साली अमेरिकेचा नियम बदलल्यावर, विमानाची रचना करण्याची रीतच बदलली. तडा पडणारच नाही अशी आशा धरायची नाही. तो आहेच असं समजायचं, तो किती वेगाने वाढेल याचं गणित मांडायचं, आणि तो दिसण्याइतका मोठा होण्यापासून जीवघेणा होईपर्यंतच्या काळात निदान दोनदा तरी तपासणी येईल असं वेळापत्रक आखायचं. ही कल्पना मला अतिशय प्रामाणिक वाटते. धातूच्या आणि माणसाच्या मर्यादा ती मान्य करते. पण तिचा एक परिणाम आपण नीट लक्षात घेतलेला नाही. या रीतीत सुरक्षेचं ओझं रचनाकाराच्या टेबलावरून उचलून हँगरमध्ये दिवा हातात धरून उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांवर ठेवलेलं आहे. तो चुकला की गणित कितीही बरोबर असो, उपयोग नाही.

त्या माणसाची परिस्थिती मला थोडी माहीत आहे. तरुणपणी पुण्याजवळच्या एका फोर्जिंग कारखान्यात मी वर्षभर मॅग्नाफ्लक्सच्या अंधाऱ्या खोलीत बसलो. इंजिनातल्या क्रँकशाफ्टच्या दांड्याला चुंबकत्व द्यायचं, त्यावर चमकणारी लोहभुकटी मिसळलेलं द्रावण सोडायचं आणि जांभळ्या दिव्याखाली शाफ्ट फिरवत पाहायचं. तडा असेल तिथे भुकटी गोळा होते आणि हिरवट-पिवळी रेघ उजळते. पहिला तासभर डोळा तलवारीसारखा असतो. मग एकामागून एक चांगलेच शाफ्ट येत राहतात आणि डोळ्याला पुढचाही चांगलाच असणार याची सवय लागते. आमचे सुपरवायझर अधूनमधून एक जुना, तडा गेलेला शाफ्ट गुपचूप रांगेत सोडायचे. तिसऱ्या पाळीत, पहाटे चारच्या सुमारास तो माझ्या हातून पास झाला. तडा बोटाच्या पेराएवढा होता. त्या शाफ्टकडे पाहिल्याचं मला आजही स्पष्ट आठवतं. मी पाहिलं होतं आणि मला दिसलं नव्हतं.

म्हणूनच अलोहा एअरलाइन्सच्या अपघाताचा अहवाल वाचताना मला घाम फुटला होता. २८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांमध्ये हिलोहून होनोलुलूला निघालेल्या बोइंग ७३७ चं छत २४ हजार फुटांवर उडून गेलं. सुमारे अठरा फूट लांबीचा भाग गायब झाला, माथ्यावर उघडं आकाश आलं. हवाईसेविका क्लॅराबेल लॅन्सिंग त्या भगदाडातून बाहेर फेकल्या गेल्या. वैमानिकांनी तशा स्थितीतही विमान माउई बेटावर उतरवलं आणि बाकीचे ९४ जण वाचले. ते विमान ८९,६८० वेळा उडालेलं होतं, आणि उड्डाणाचे एकूण तास होते साडेपस्तीस हजारांच्या आसपास. म्हणजे सरासरी एक उड्डाण जेमतेम चोवीस मिनिटांचं. कातडीचे पत्रे एकमेकांवर चढवून जोडलेल्या सांध्यातला चिकटवा सुटला होता, समुद्राच्या खाऱ्या हवेने आत गंज धरला होता, सगळा भार पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांवर, म्हणजे रिव्हेटांवर आला होता, आणि शेजारशेजारच्या रिव्हेटांपासून निघालेले बारीक तडे एकमेकांना जाऊन मिळाले.

अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने त्या चौकशीत तपासनिसांच्या कामाकडे बारकाईने पाहिलं. रात्रीची वेळ, उंच मचाण, हातात दिवा, रांगेने शेकडो रिव्हेट, आणि प्रत्येकाभोवती केसासारखी रेघ आहे का ते पाहायचं. उजेड चांगला असला, हवा सोसवणारी असली, तरी हे काम कंटाळवाणंच. एकामागून एक निर्दोष रिव्हेट पाहिले की तडा सापडणार नाही अशी अपेक्षा मनात तयार होणं स्वाभाविक आहे, असं त्या अहवालाचं म्हणणं. मला माझी जांभळ्या उजेडाची खोली आठवली. आणखी एक गोष्ट त्या अहवालात आहे. एका प्रवासी बाईंना विमानात चढतानाच दाराजवळ कातडीवर तडा दिसला होता. त्या कुणाला काही बोलल्या नाहीत.

पुढच्याच वर्षी, १९ जुलै १९८९ रोजी, अमेरिकेच्या युनायटेड एअरलाइन्सच्या डीसी-१० विमानाच्या शेपटीतल्या इंजिनाची टायटॅनियमची चकती उड्डाणात फुटली, विमान वळवणाऱ्या तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा गेल्या आणि सू सिटीला ११२ माणसं दगावली. अपघाताच्या ७६० उड्डाणं आधी त्या चकतीची फ्लोरोसेंट द्रावण लावून तपासणी झालेली होती. तपास करणाऱ्यांच्या हिशेबाने तेव्हा तो तडा पृष्ठभागावर अर्ध्या इंचाच्या जवळपास होता. अर्धा इंच! त्या कामात बसलेल्या कुणालाही विचारा, ती फार मोठी रेघ असते. पण त्या दिवशी ती कुणाला दिसली नाही.

तैवानच्या चायना एअरलाइन्सचं उदाहरण मला याहून अस्वस्थ करतं. १९८० साली हाँगकाँगला उतरताना त्यांच्या ७४७ ची शेपटी धावपट्टीवर घासली. ओरखडे पडलेला पत्रा पूर्ण काढायला हवा होता; त्यावर वरून ठिगळाचा पत्रा मारून काम उरकलं गेलं. ओरखड्यांतून तडे निघाले आणि ते नेमके ठिगळाखाली लपले. पुढची कितीतरी वर्षं विमानात सिगारेट ओढायला परवानगी होती. आतली धुराने भरलेली हवा ठिगळाच्या कडेने झिरपत राहिली आणि बाहेर तपकिरी डाग पडले. अपघाताच्या सहा महिने आधी जुन्या दुरुस्त्यांची पाहणी करताना काढलेल्या फोटोंत ते डाग दिसतात. त्या डागांचा अर्थ कुणी लावला नाही. २५ मे २००२ रोजी ते विमान हवेत तुटलं आणि २२५ माणसं गेली. शेपटी घासल्याला बावीस वर्षं झाली होती. जपानचं १९८५ चं विमान, ज्यात ५२० जण गेले, तेही सात वर्षांपूर्वी शेपटी घासल्यावर झालेल्या चुकीच्या दुरुस्तीमुळेच पडलं. दोन ओळी रिव्हेटांनी पेलायचा भार तिथे एकाच ओळीवर आला होता.

इथे हमखास एक प्रश्न येतो. आता यंत्रं आली आहेत, माणसाच्या डोळ्यावर कशाला अवलंबून राहायचं? विजेच्या प्रवाहाने तडा शोधणारं एडी करंट आहे, ध्वनिलहरींनी शोधणारं अल्ट्रासॉनिक आहे, इंजिनाच्या पंख्याच्या पात्याला ध्वनीने हलवून त्याची उष्णता टिपणारा कॅमेरा आहे, सांगाड्यालाच चिकटवायचे सेन्सर येत आहेत, फोटो तपासणारी कृत्रिम बुद्धिमत्ता येत आहे. यातलं प्रत्येक साधन हवं, लवकर हवं. १७ एप्रिल २०१८ रोजी साउथवेस्टच्या ७३७ चं पंख्याचं पातं मुळाशी थकून तुटलं आणि खिडकीजवळची एक प्रवासी गेली. त्यानंतर त्या जातीच्या पात्यांच्या अल्ट्रासॉनिक तपासण्यांचा आदेश निघाला आणि तो योग्यच होता. पण त्याच वर्षी फेब्रुवारीत युनायटेडच्या ७७७ चं पातं होनोलुलूजवळ तुटलं, त्याची हकिकत अशी की उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याने आधीच्या तपासण्यांत त्या जागी खूण दाखवलेली होती. पाहणाऱ्याने ती रंगामुळे आली असं समजून पातं पास केलं. या नव्या तपासणीसाठी तपासनिसांना रीतसर प्रशिक्षणच दिलेलं नव्हतं, हे चौकशीत पुढे आलं. यंत्राने आपलं काम केलं होतं. खूण खरी की खोटी हे ठरवायला बसवलेल्या माणसाला मात्र कुणी तयार केलं नव्हतं.

तपासणीच्या क्षेत्रात एक आकडा सतत वापरला जातो: शंभरांतले नव्वद तडे सापडतील असा तड्याचा आकार किती, आणि ते ९५ टक्के खात्रीने सांगता येतं का. याच आकड्यावरून पुढे तपासण्यांमधलं अंतर ठरतं. पण हा आकडा बहुधा चाचणीच्या टेबलावर निघतो. तिथल्या तपासनिसाला आपली परीक्षा चालू आहे हे ठाऊक असतं, उजेड पुरेसा असतो, झोप झालेली असते. सकाळी सहाच्या उड्डाणाला विमान सोडायचं आहे म्हणून मध्यरात्री पंखाखाली उताणा झोपलेल्या माणसाचा आकडा तोच धरायचा, हे मला गणितातच चूक वाटतं.

आता आपल्याकडे. जून २०२५ च्या अहमदाबाद अपघाताच्या प्राथमिक अहवालात धातूच्या थकव्याचा काही संबंध दिसत नाही, आणि तो ओढूनताणून जोडू नये. पण त्यानंतर विमानसुरक्षेकडे लक्ष गेलं, आणि त्याच वर्षी संसदीय समितीने सांगितलं की नागरी विमान वाहतूक महासंचालनालयात मंजूर पदांपैकी निम्म्याच्या आसपास रिकामी आहेत. म्हणजे तपासणाऱ्यांवर देखरेख ठेवणारेच अर्धे. डिसेंबर २०२५ मध्ये वैमानिकांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांवरून देशभर हजारो उड्डाणं रद्द झाली, लोकांचे हाल झाले, वाहिन्यांवर चर्चा झाल्या. वैमानिकाने झोप मागणं रास्तच आहे. पण त्या सगळ्या गदारोळात हँगरमधल्या इंजिनिअरच्या आणि एनडीटी, म्हणजे भाग न तोडता त्यातले तडे शोधणाऱ्या तंत्रज्ञाच्या झोपेबद्दल मी एक वाक्य ऐकलं नाही. वैमानिक डुलकी घेऊ लागला तर शेजारी दुसरा वैमानिक असतो. तपासनिसाची डुलकी सांध्यात जाऊन बसते आणि पुढची अनेक वर्षं कुणाला कळतही नाही.

आपली विमानं नवी आहेत, मग घाई कसली, असं काही जाणकारही म्हणतात. मला तर नेमकी याचीच काळजी वाटते. इंडिगोसारख्या कंपनीने वर्षानुवर्षं विमानं भाड्याने घेऊन सहा-सात वर्षांत परत करण्याची पद्धत ठेवली. विमान म्हातारं व्हायच्या आत ते देशाबाहेर गेलेलं असे. त्यामुळे आपल्या बहुतेक तंत्रज्ञांनी तरुण सांगाडेच पाहिले आहेत. पण २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानं मागवली, आणि त्यांतली बरीच आता आपल्याकडेच जुनी होतील. दिवसाला सहा फेऱ्या मारणारं ए-३२० वर्षाला दोन हजारांच्या आसपास फुगतं-बसतं. वीस वर्षांत चाळीस हजार. एअरबसने या विमानासाठी मुळात धरलेलं उद्दिष्ट ४८ हजार फेऱ्यांचं होतं. त्यात आपली मुंबई, गोवा, कोची, चेन्नई. चार महिने पाऊस आणि वर्षभर खारा वारा. अलोहाचं विमान हवाईच्या किनाऱ्यावर ज्या हवेत आणि ज्या आखूड फेऱ्यांत जुनं झालं, तशीच हवा आणि तशाच फेऱ्या आपल्याकडे आहेत. काही नवी विमानं कार्बन तंतूंच्या सांगाड्याची आहेत हे खरं, पण चाकांचे पाय, इंजिनाच्या चकत्या, इंजिन पंखाला जोडणारे खिट्टीचे भाग धातूचेच राहतात, आणि आपल्या आकाशातल्या बहुसंख्य ए-३२०, ७३७ आणि एटीआर विमानांचा सांगाडा आजही ॲल्युमिनियमचाच आहे.

नागपूरला मिहानमध्ये मोठ्या विमानांच्या देखभालीचं केंद्र २०१५ पासून आहे, ओझरला एचएएल या सरकारी विमान कारखान्याचा सांगाड्यांच्या ओव्हरहॉलिंगचा अनेक दशकांचा अनुभव आहे, बंगळुरूच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेत अख्ख्या सांगाड्यांच्या थकवा-चाचण्या होतात. पाया नाही असं नाही. देखभालीचा धंदा देशात यावा म्हणून सरकारने जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आणला, सुट्या भागांवरही २०२४ पासून एकसारखा ५ टक्के केला. चांगलं केलं. पण करसवलतीने हँगर येतं, डोळा येत नाही. तपासनिसाच्या कामाच्या तासांना आणि विश्रांतीला वैमानिकाइतकाच बंधनकारक नियम हवा. एकसुरी तपासणीत ठरावीक वेळाने माणूस बदलायलाच हवा. तपासणीचा वेळ कामावरून ठरावा, विमान किती वाजता सुटायचं आहे त्यावरून नाही. विमान उभं करणाऱ्या तंत्रज्ञाला, तडा खोटा निघाला तरी, जाब विचारला जाऊ नये. खोट्या खुणेवर विमान एक दिवस उभं राहिलं तर तो खर्च सुरक्षेतच धरावा. आणि सापडलेले तडे, कुठल्या जातीच्या विमानात, किती फेऱ्यांनंतर, कुठल्या जागी, हे सगळं अमेरिकेत जसं सार्वजनिक नोंदीत कुणालाही पाहता येतं तसं आपल्याकडेही उघड असावं. एका हँगरमध्ये सापडलेला तडा दुसऱ्या हँगरला कळलाच नाही, तर दुसऱ्या हँगरचा तपासनीस माझ्यासारखाच चांगले शाफ्ट पाहत बसेल.

यावर विमान कंपन्यांचं एक उत्तर असतं आणि ते खोटं नाही. उभं असलेलं विमान दिवसाला लाखो रुपये खातं, तिकिटाच्या दरात आधीच फारसा नफा नसतो, आणि आजचं विमान हे प्रवासाचं अत्यंत सुरक्षित साधन आहे. आहेच. पण ती सुरक्षा ज्या पहाऱ्याने मिळवली आहे, त्याच पहाऱ्यात काटकसर करून ती टिकवता येणार नाही. प्रवासी म्हणून तिकिटामागे थोडे रुपये जास्त द्यावे लागले तर मी देईन, आणि ते कशासाठी घेतले हे तिकिटावर छापलेलं मला आवडेल.

त्या पहाटे मी शाफ्ट पास केल्यावर सुपरवायझर मला बोलले नाहीत. त्यांनी तो शाफ्ट परत माझ्यासमोर ठेवला, दिवा धरला आणि म्हणाले, "आता बघ." रेघ ठळक दिसत होती. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी खोलीत घड्याळ लावलं आणि दर तासाला माणूस बदलायचा असं ठरवलं. त्यासाठी त्यांना प्रत्येक पाळीला एक माणूस जास्त लागला, आणि तो मिळवायला ते आठवडाभर व्यवस्थापनाशी भांडले. २०२३ साली मागवलेल्या विमानांच्या बारा वर्षांच्या मोठ्या तपासण्या पुढच्या दशकापासून येऊ लागतील. एनडीटीत हात आणि डोळा बसायला वर्षं लागतात. त्या तपासण्या करणारी मुलं आज दहावी-बारावीत आहेत, आणि तो जास्तीचा एक माणूस त्यांच्यासाठी कोण मागणार हे अजून ठरलेलं नाही.